अर्जातलं 'का' : आयोवाच्या तोतरेपणा-संशोधनाची गोष्ट

स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या मास्टर्सला किंवा पीएचडीला अर्ज करणाऱ्यांच्या एसओपीत एक परिच्छेद हमखास असतो. 'माझा धाकटा भाऊ तोतरा बोलायचा', 'आजोबांना पॅरालिसिसनंतर बोलता येईना', 'मला स्वतःला शाळेत थेरपी घ्यावी लागली'. वाचणाऱ्यांना तो पाठ झालेला असतो, आणि तरीही लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो शंभर टक्के खरा असतो. मग तो ठेवावा की काढावा? अर्जांच्या सीझनमध्ये हा प्रश्न सारखा विचारला जातो. याचं उत्तर टिप्स देऊन देण्याऐवजी मी इतिहासातून द्यायचा प्रयत्न करते, कारण हे अख्खं शास्त्र ज्या विद्यापीठात वाढलं, तिथले सुरुवातीचे कितीतरी विद्यार्थी नेमका हाच परिच्छेद घेऊन आले होते.

विभाग कसा उभा राहिला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तोतरेपणावर उपचार कोण करायचं? वक्तृत्व शिकवणारे मास्तर, काही डॉक्टर आणि 'हमखास बरं करतो' अशा जाहिराती देणाऱ्या खासगी शाळा. विद्यापीठात या विषयाला स्वतःचं घर नव्हतं. विस्कॉन्सिनमध्ये काम सुरू झालं होतं, पण आपल्या गोष्टीचं केंद्र आहे आयोवा.

आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर हे मानसशास्त्रज्ञ १९०८ पासून ग्रॅज्युएट कॉलेजचे डीन होते. ऐकणं, आवाज, संगीताची जाण हे त्यांचे विषय. बोलण्याचे विकार हा एकट्या मानसशास्त्राचा, एकट्या वैद्यकाचा किंवा एकट्या भाषाशिक्षणाचा विषय नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी एक विद्यार्थी निवडून त्याला सगळ्या विभागांतून फिरवायचं ठरवलं. तो विद्यार्थी म्हणजे ली एडवर्ड ट्रॅव्हिस. १९२४ मध्ये त्यांची पीएचडी झाली आणि पुढे स्पीच क्लिनिकची सूत्रं त्यांच्याकडे आली. १९२५ मध्ये 'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्पीच करेक्शन' स्थापन झाली. तिचंच आजचं रूप म्हणजे 'आशा', अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन.

सीशोर यांनी आधी माणूस घडवला आणि विभाग त्याच्याभोवती उभा राहिला. आजही या विषयाच्या अभ्यासक्रमात शरीररचना, ध्वनिशास्त्र, मानसशास्त्र आणि भाषाविज्ञान एकत्र का असतं, याचं मूळ इथे सापडतं.

पेशंट म्हणून आले, विद्यार्थी झाले

त्या काळी आयोवात सॅम्युअल ऑर्टन हे मनोविकारतज्ज्ञही होते. त्यांचा आणि ट्रॅव्हिस यांचा सिद्धांत थोडक्यात असा : बोलण्यासाठी मेंदूच्या एका अर्ध्या भागाचं दुसऱ्यावर वर्चस्व लागतं. ते नीट प्रस्थापित झालं नाही, तर तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंना येणाऱ्या आज्ञांचा मेळ बसत नाही आणि माणूस अडखळतो. डावखुऱ्या मुलाला जबरदस्तीने उजव्या हाताने लिहायला लावलं की असं होतं, असंही त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे 'डाव्या हाताने जेवू नको' म्हणून ओरडा खाल्लेल्यांच्या कानाला हे ओळखीचं वाटेल.

हा सिद्धांत तपासायला माणसं हवी होती, आणि ती आपणहून येत होती. वेंडेल जॉन्सन हा कॅन्ससमधला, प्रचंड तोतरं बोलणारा मुलगा १९२६ मध्ये आयोवाला आला. त्याला शिकायचं होतं आणि बरंही व्हायचं होतं. त्याने स्वतःवर जवळजवळ सगळे प्रयोग करून घेतले. उजवा हात वापरायचा नाही, सगळं डाव्या हाताने करायचं, असं त्याने वर्षानुवर्षं केलं. तोतरेपणा गेला नाही. १९२९ मध्ये मास्टर्स, १९३१ मध्ये पीएचडी. मास्टर्सचा प्रबंध १९३० मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि त्याचा विषय होता तो स्वतः : 'बिकॉज आय स्टटर'. स्वतःलाच गरज होती म्हणून आपण स्पीच पॅथॉलॉजिस्ट झालो, असं ते पुढे सांगत.

चार्ल्स व्हॅन रायपर हे मिशिगनचे. तेही तोतरे. आयोवातून १९३४ मध्ये पीएचडी करून ते मिशिगनला परतले, कॅलमाझूला क्लिनिक उभारलं आणि १९३९ मध्ये 'स्पीच करेक्शन' हे पाठ्यपुस्तक लिहिलं. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या.

दोघांची वेदना सारखी, विभाग एकच, काळही तोच. पण त्यांनी त्या वेदनेचे केलेले प्रश्न अगदी वेगळे. व्हॅन रायपर यांनी विचारलं : अडखळणं पूर्ण जात नसेल, तर कमी झटापटीने, कमी भीतीने कसं अडखळता येईल? याची उत्तरं रोजच्या थेरपीत तपासता येत होती. जॉन्सन यांनी विचारलं : हे मुळात सुरू कसं होतं? या प्रश्नाला त्यांच्याकडे एक उत्तर आधीपासून तयार होतं.

ते उत्तर कुठून आलं

जॉन्सन पाच-सहा वर्षांचे असताना त्यांच्या शिक्षकाने आईवडिलांना सांगितलं होतं, की हा तोतरा बोलायला लागलाय. जॉन्सन यांच्या मते तेव्हा ते इतर मुलांसारखेच मधूनमधून अडखळत होते. कुणीतरी त्याला नाव दिलं, घरचे काळजी करायला लागले, मुलगा प्रत्येक शब्दाला घाबरायला लागला आणि त्यातून खरा तोतरेपणा आला. म्हणजे आजार निदानातून जन्मतो. पुढे हा 'डायग्नोसोजेनिक' सिद्धांत म्हणून गाजला.

सिद्धांत म्हणून तो सुंदर आहे. अडचण एवढीच, की तो तपासायचा तर चांगल्या बोलणाऱ्या मुलांना 'तुम्ही तोतरे आहात' असं सांगून बघावं लागतं.

१९३९ मध्ये नेमकं तेच झालं. जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या मास्टर्सच्या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातली २२ मुलं घेतली. त्यातली १० आधीपासून तोतरी समजली जाणारी, १२ नीट बोलणारी. या १२ पैकी ६ मुलांना सांगण्यात आलं, की तुमच्या बोलण्यात दोष आहे, तोतरेपणाची लक्षणं दिसतायत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. हे जानेवारी ते मे असं काही महिने चाललं. कशासाठी चाललंय हे मुलांना माहीत नव्हतं. नकार देणारे आईबापही पाठीशी नव्हते.

काही मुलं गप्प राहायला लागली, बुजली. ट्यूडर अस्वस्थ झाल्या, आणि प्रयोग संपल्यावरही परत तिथे जाऊन मुलांना 'तुमचं बोलणं चांगलं आहे' हे पटवायचा प्रयत्न त्यांनी केला. प्रबंध मंजूर होऊन ग्रंथालयाच्या फडताळात गेला. जॉन्सन यांनी तो कधी प्रकाशित केला नाही. १९४२ मध्ये तोतरेपणाच्या सुरुवातीवरचा मोठा लेख लिहिताना त्याचा आधारही घेतला नाही.

पुढे या प्रबंधाला 'मॉन्स्टर स्टडी' असं नाव पडलं. १९८८ मध्ये फ्रँकलिन सिल्व्हरमन यांनी त्यावर लिहिलं तरी बाहेर फारशी चर्चा झाली नाही. २००१ मध्ये एका वर्तमानपत्राने सगळं छापलं, मग विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने त्या मुलांपैकी हयात असलेल्यांना आणि इतरांच्या वारसांना मिळून सव्वानऊ लाख डॉलर दिले. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

फडताळातला पुरावा

इथे संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी जरा थांबायला हवं. २००२ मध्ये निकोलिन अँब्रोज आणि एहुद यायरी यांनी ट्यूडरच्या प्रबंधातला मूळ डेटा पुन्हा तपासला. 'तोतरे' म्हटल्याने मुलं तोतरी झाली, असं त्या आकड्यांतून दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मुलांना त्रास झाला, ती गप्प झाली, हा भाग वेगळा. पण सिद्धांत ज्याचं भाकीत करत होता, ते घडलं नव्हतं.

म्हणजे सिद्धांताच्या विरोधात जाऊ शकणारा पुरावा १९३९ पासून कागदावर होता. सिद्धांत मात्र पुढे दोन-तीन दशकं शिकवला गेला. 'मूल अडखळलं तर लक्ष देऊ नका, टोकू नका, नाव घेऊ नका' हा सल्ला त्यातूनच घरोघरी पोचला. न टोकणं चांगलंच आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की मूल तोतरं झालं तर दोष आईबापाचा, बहुतेक वेळा आईचा. कित्येक आयांनी हे ओझं उगाच वाहिलं.

'त्यांच्याकडे शब्दच नाही'

जॉन्सन यांनी दिलेला आणखी एक पुरावा बघा. अमेरिकेतल्या शोशोनी आणि बॅनॉक या आदिवासी समाजांत तोतरे लोक नाहीत आणि त्यांच्या भाषेत त्याला शब्दही नाही, असं त्यांनी १९४४ मध्ये लिहिलं. शब्द नाही म्हणून आजार नाही! १९८३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच समाजांत जाऊन विचारलं. तोतरे लोक होते, आणि त्यासाठी एक सोडून अनेक शब्द होते.

मराठीत काम करणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावं. तोतरं, बोबडं, चाचरत, अडखळत : घरात आपण सर्रास एकाच्या जागी दुसरा शब्द वापरतो. तीन वर्षांचं पोर 'साखर'ला 'ताखर' म्हणतं ते बोबडं बोलणं. 'सा-सा-साखर' म्हणतं ते तोतरं. पण कुणी आजी दोन्हीला बोबडंच म्हणेल. 'तुमच्या घरात कुणी तोतरं आहे का?' एवढंच प्रश्नावलीत टाकलंत आणि उत्तर 'नाही' आलं, तर माणूस नाही की तुमचा शब्द त्यांचा नाही, हे कळणार कसं? प्रश्न विचारायच्या आधी शब्द गोळा करा.

मग तोतरेपणा कशाने होतो?

एका वाक्यात सांगता येत नाही, पण वारं फिरलंय. तो कुटुंबांत चालत येतो हे स्पष्ट आहे. २०१० मध्ये पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून सुरुवात करून डेनिस ड्रेना यांच्या गटाने तोतरेपणाशी निगडित जनुकांतले बदल दाखवले. मेंदूच्या स्कॅनमध्ये दोन्ही अर्ध्या भागांच्या कामातले फरक दिसतात. म्हणजे ट्रॅव्हिस यांचा सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही, पण मेंदूकडे बघा हा त्यांचा आग्रह परत आला. गंमत म्हणजे, स्वतःच्या हातावर अपयशी ठरलेला प्रयोग जॉन्सन यांना त्या दिशेपासून दूर घेऊन गेला होता.

आता तुमच्या अर्जाकडे

भारतात या विषयाला १९६५ मध्ये म्हैसूरला स्वतंत्र संस्था मिळाली, आजची 'आयश'. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. व्यवसाय करायला आरसीआयची नोंदणी लागते. हे सगळे नियम तुम्हाला प्रॉस्पेक्टसमध्ये मिळतील. 'का' मात्र तुम्हालाच लिहायचंय, आणि आयोवाची गोष्ट त्यासाठी उपयोगाची आहे.

तो घरचा परिच्छेद काढू नका. जॉन्सन, व्हॅन रायपर तसेच आले होते, आणि हा विषय त्यांच्याशिवाय उभा राहिला नसता. पण त्याच्याखाली तीन गोष्टी लिहून बघा.

एक, तुमच्या अनुभवातून तुम्ही कोणतं उत्तर आधीच खरं धरलंय? 'भावाला शाळेतल्या चिडवण्यामुळे झालं' असं वाटत असेल तर ते कबूल करा, निदान स्वतःच्या वहीत.

दोन, काय दिसलं तर तुम्ही ते उत्तर सोडाल? हे लिहिता आलं, की तुमच्याकडे गोष्टीच्या पुढे जाणारा संशोधन-प्रश्न आहे. मुलाखतीत खोदून विचारतात ते साधारण इथेच.

तीन, तो तपासताना किंमत कोण मोजणार? आज एथिक्स कमिटी आहे, पालकांची लेखी संमती लागते, मुलाची स्वतःची तयारीही बघतात. पण कमिटीपुढे कागद जाण्याआधी प्रश्न तुमच्या डोक्यात तयार झालेला असतो.

आणि गाइड निवडताना ट्यूडर यांना आठवा. विषय मार्गदर्शकाचा होता, मुलांसमोर बसून ती वाक्यं बोलायचं काम विद्यार्थिनीचं होतं, आणि साठ वर्षांनी पत्रकारांनी दार वाजवलं तेव्हा जॉन्सन हयात नव्हते, त्या होत्या. म्हणून ज्यांच्याकडे अर्ज करताय त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एक मेल टाका आणि सरळ विचारा : सरांच्या किंवा मॅडमच्या सिद्धांताच्या उलट रिझल्ट आला, तेव्हा काय झालं? तो पेपर छापला गेला का?