जबड्याच्या सांध्यातील दुर्मिळ गाठी : सुईने निदान

कानापुढे, खालच्या जबड्याचा कंद शंखास्थीच्या खोबणीत बसतो, तो जबड्याचा सांधा. इथली बहुतेक दुखणी स्नायूंची, चकतीची किंवा झिजेची असल्यामुळे गाठ असलेला रुग्णही बराच काळ दाताचे नाहीतर कानाचे उपचार घेत राहतो. सूज दिसू लागली की शेजारच्या पॅरोटिड लाळग्रंथीचा संशय येतो आणि सांधा विसरला जातो.

बारीक सुईने पेशी शोषून काचपट्टीवर तपासण्याची पद्धत (एफएनएसी) इथे मोलाची ठरते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात मार्टिन व एलिस यांनी १९३० मध्ये सुईने गाठीतील पेशी काढण्याची पद्धत मांडली. पुढे स्वीडनमध्ये ती बारीक सुईने रूढ झाली. बेंगळुरूत १९७३ साली स्थापन झालेल्या किदवई कर्करोग संस्थेसारख्या केंद्रांत तोंड व मानेच्या गाठींचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्या गर्दीत सांध्याची विरळ गाठ ओळखायची, तर तपासणीच्या चिठ्ठीवर ‘तोंड उघडताना सूज हलते’ एवढी नोंदही फार उपयोगाची असते.

सांध्याच्या अस्तरातील महापेशी गाठीत (टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर) सुईतून कधी तपकिरी, रक्ताळ द्रव येतो. काचपट्टीवर अनेक केंद्रकांच्या महापेशी, गोल एककेंद्रकी पेशी आणि जुन्या रक्तस्रावाचे लोहयुक्त हिमोसिडरिन दिसते. याच लोहामुळे एमआरआयमध्ये गाठ काळी दिसते. जाफे, लिख्टेन्स्टाइन व सुत्रो यांनी १९४१ मध्ये या विकाराला पिग्मेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस हे नाव दिले. तेव्हा तो दाह मानला जाई, आज गाठ मानतात. मात्र महापेशी इतरत्रही सापडतात. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या अतिस्रावामुळे होणारी ‘ब्राऊन ट्यूमर’ वगळण्यासाठी रक्तातील कॅल्शियम व पॅराथायरॉइड संप्रेरक तपासावेच. काँड्रोब्लास्टोमा या हाडाच्या गाठीत महापेशींबरोबर खाच असलेल्या केंद्रकांच्या पेशी व कूर्चेसारखा पदार्थ आढळतो.

कूर्चेपुढे सुई थकते. सायनोव्हियल काँड्रोमॅटोसिस या सौम्य विकारातही कूर्चापेशी विचित्र दिसू शकतात, त्यामुळे केवळ काचपट्टीवरून तो कमी आक्रमक काँड्रोसार्कोमा या कर्करोगापासून वेगळा काढणे धोक्याचे. तिथे सीटी, एमआरआय आणि ऊतीचा तुकडा घेऊन केलेली बायोप्सी लागते. खोबणीचे छत कागदासारखे पातळ असून त्यापलीकडे मेंदूचा कप्पा आहे. म्हणून खोल गाठीत सुई घालण्याआधी स्कॅन पाहावा. सुईही सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधाराने न्यावी.