दोन शब्द प्रायोजकांचे

जानेवारी २०२६ मध्ये ओपनएआयने जाहीर केलं की चॅटजीपीटीच्या फुकट आणि स्वस्तातल्या योजनांमध्ये जाहिराती दिसणार. फेब्रुवारीत अमेरिकेत त्याची चाचणी सुरूही झाली. त्यावर जो गलका झाला तो वाचताना सारखं वाटत होतं, अरे, हा सिनेमा आपण आधी पाहिलाय! नट वेगळे, गोष्ट तीच. मग जुन्या गोष्टी शोधत बसलो. हाती लागलं ते इथे लिहून ठेवतो.

सुरुवात रेडिओपासून. २८ ऑगस्ट १९२२, न्यूयॉर्क, डब्ल्यूईएएफ नावाचं केंद्र. मालक कोण, तर एटीअँडटी ही टेलिफोन कंपनी. तिचं डोकं टेलिफोनच्या बूथसारखंच चाललं : पैसे भरा आणि बोला. फरक इतकाच की बोललेलं सगळं गाव ऐकणार. पहिलं गिऱ्हाईक होती क्वीन्सबरो कॉर्पोरेशन, जॅक्सन हाइट्समध्ये फ्लॅट विकणारी. आता गंमत बघा. बिल्डरने 'आमचे फ्लॅट घ्या' असा धोशा लावला नाही. इमारतीचं नाव होतं हॉथॉर्न कोर्ट, म्हणून भाषणाची सुरुवात नथॅनिएल हॉथॉर्न या लेखकाच्या गुणगानाने. मग शहरातली गर्दी, मोकळी हवा, मुलांचं आरोग्य... आणि ओघाओघात फ्लॅट. म्हणजे रेडिओवरची ही पहिलीवहिली जाहिरात व्याख्यानाचा अंगरखा घालूनच आली होती.

त्याच वर्षी अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते) म्हणाले होते, की लोकसेवेचं इतकं मोठं साधन जाहिरातींच्या बडबडीत बुडू देणं कल्पनेतही बसत नाही. पुढे काय झालं ते सांगायला नको. दशक संपायच्या आत अमेरिकन रेडिओ जाहिरातींवरच जगू लागला.

आपल्याकडे ही पाळी बऱ्याच उशिराने आली. विविध भारती १९५७ ची, तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, त्याही पहिल्यांदा मुंबई-पुणे-नागपूर या आपल्याच केंद्रांवर. पण तिथे एक सोय होती. जिंगल वाजली की घरातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं, की ही जाहिरात. निवेदकाचा आवाज वेगळा, तेलासाबणाचा आवाज वेगळा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एकदम १९९८. स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी, सर्जी ब्रिन आणि लॅरी पेज, यांनी आपल्या शोधयंत्रावर एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शेवटी जाहिरातींवर एक परिशिष्ट आहे, ते जमलं तर जरूर वाचा. त्यांनी उदाहरण दिलंय मोबाइल फोनचं. त्यांच्या यंत्रात 'सेल्युलर फोन' असं शोधलं तर पहिला निकाल यायचा तो गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष कसं विचलित होतं या अभ्यासाचा. दोघांचं म्हणणं असं, की फोन कंपन्यांकडून जाहिरातींचे पैसे घेणाऱ्या शोधयंत्राला हा निकाल वर दाखवणं फार जड जाईल. जाहिरातीवर चालणारं यंत्र मुळातच जाहिरातदाराकडे झुकणार आणि शोधणाऱ्यापासून दूर जाणार, असा त्यांचा सरळ निष्कर्ष. आणि ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ॲडवर्ड्स सुरू केलं! साडेतीनशे जाहिरातदारांनिशी. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. यंत्रांची बिलं भरायची होती, आणि परिशिष्ट लिहून बिलं भरता येत नाहीत.

त्याच १९९८ सालात बिल ग्रॉस नावाच्या गृहस्थाने गोटू डॉट कॉम काढलं होतं. तिथे सरळ लिलाव. एखाद्या शब्दावर जो जास्त बोली लावेल तो वर, आणि प्रत्येक निकालाशेजारी त्याने किती सेंट मोजले तेही छापलेलं! लोक तेव्हा या कल्पनेवर तुटून पडले, की हा कसला बाजार. मला मात्र त्यात एक विलक्षण प्रामाणिकपणा वाटतो. भाजीवाल्याने पाटीवर खरेदीचा भाव लिहावा तसा. हीच कंपनी पुढे ओव्हर्चर झाली, २००३ मध्ये याहूने ती सुमारे १६३ कोटी डॉलरना घेतली, आणि तिने गूगलवर भरलेला पेटंटचा खटला २००४ मध्ये मिटवताना गूगलला २७ लाख शेअर द्यावे लागले. कल्पना टिकली, तो शेजारी छापलेला भाव तेवढा गेला.

पाटीचा विषय निघालाच आहे तर : जून २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शोधयंत्रांना पत्र पाठवून बजावलं, की पैसे घेऊन दाखवलेले निकाल वेगळे ओळखू येऊ द्या. २०१३ मध्ये पुन्हा तेच बजावावं लागलं. गूगलवरच्या जाहिरातींमागे पूर्वी रंगीत पट्टा असायचा, आठवतोय? २०१३ च्या सुमारास तो जाऊन एक छोटी पिवळी चिठ्ठी उरली. २०१६ मध्ये ती हिरवी झाली, २०१७ मध्ये नुसती चौकट, २०२० मध्ये काळी अक्षरं. कुणी खोटं बोललं नाही हो. नुसता रंग फिका होत गेला.

आता बोलक्या यंत्राकडे येऊ. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा लिहिली. माणसाचंच वाक्य उलटं करून त्याला प्रश्न विचारणारा साधा प्रोग्रॅम. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीला तो कसा चालतो हे ठाऊक होतं, तरी थोडं बोलून झाल्यावर तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. यात पैसा आहे हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं.

ते सुचलं २००१ मध्ये, ॲक्टिव्हबडी नावाच्या कंपनीला. एओएलच्या मेसेंजरवर त्यांनी स्मार्टरचाइल्ड सोडला. तो हवामान सांगायचा, शेअरचे भाव सांगायचा, सिनेमाच्या वेळा सांगायचा. पोरं त्याला शिव्या घालायची आणि तो रुसून माफी मागायला लावायचा. पण खरा धंदा वेगळाच होता : कंपन्यांना असे 'मित्र' बनवून द्यायचे. रेडिओहेड या बँडच्या 'ॲम्नेझिअ‍ॅक' अल्बमसाठी गूगलीमिनोटॉर नावाचा बॉट आला. एका किशोरींच्या मासिकासाठी एलगर्लबडी आली, जी स्वतः सोळा वर्षांची मुलगी असल्यासारखी मुलींशी गप्पा मारायची. म्हणजे इथे गप्पांच्या मध्ये जाहिरात नव्हतीच. मैत्रीण हीच जाहिरात! सोळा वर्षांच्या पोरीला रात्री अकरा वाजता मन मोकळं करायला मासिकाचा जाहिरात विभाग... मला हा प्रकार हॉथॉर्न कोर्टपेक्षाही अंगावर आला. कंपनी पुढे नाव बदलून कोलोक्विस झाली आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. सगळं विसरलं गेलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा फरक एवढाच होता, की हा बोलका प्राणी खरोखर कामाचा होता आणि भयंकर खर्चिक होता. प्रत्येक उत्तराला महागडी यंत्रं आणि वीज लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस डॉलरची वर्गणी आली, पण बहुतेक जनता फुकटातच बोलत राहिली. दोनशे डॉलरच्या वर्गणीतही आपण तोट्यात आहोत असं सॅम ऑल्टमन यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगून टाकलं. मायक्रोसॉफ्टने तर मार्च २०२३ मध्येच बिंगच्या गप्पांत जाहिराती घालून पाहायला घेतल्या होत्या. पर्प्लेक्सिटीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत प्रायोजित प्रश्न आणले. उत्तराखाली 'पुढे हे विचारा' म्हणून जे प्रश्न सुचवतात, त्यातला एखादा पैसे घेऊन सुचवलेला. उत्तराला हात नाही, आपल्या तोंडातला प्रश्नच विकला! आणि ऑल्टमन? मे २०२४ मध्ये हार्वर्डमध्ये ते म्हणाले होते, की जाहिरात आणि एआय हे मिश्रण आपल्याला विशेष अस्वस्थ करतं, जाहिरात हा अगदी शेवटचा उपाय. हूवर, ब्रिन-पेज, ऑल्टमन. रांग बरी आहे.

यात मला खुपतं ते हे. शोधयंत्रावर निदान दहा दुवे असायचे, डोळ्यांनी निवडता यायचे. इथे एकच आवाज, तोही आपल्याशी प्रेमाने बोलणारा. माझी साताऱ्याची आत्या रोज संध्याकाळी फोनला गुडघ्याबद्दल विचारते. डॉक्टरांना सांगत नाही ते त्याला सांगते : झोप लागत नाही, जिना उतरताना भीती वाटते, सूनबाईला कसं सांगू. "तो काय म्हणाला माहितीये का?" असं ती आम्हाला सांगते तेव्हा तो 'तो' घरचाच कुणीतरी असतो. उद्या त्याने एखादं तेल सुचवलं तर ती जिंगल वाजायची वाट बघणार नाही.

सध्याच्या चाचणीत ओपनएआयचं म्हणणं असं, की जाहिरात उत्तराच्या खाली, वेगळ्या चौकटीत, प्रायोजित असं लिहून येईल, उत्तरावर तिचा परिणाम होणार नाही आणि आरोग्यासारख्या नाजूक विषयांजवळ ती दिसणार नाही. मी त्यावर विश्वास ठेवतो. आजच्या पुरता. रंगीत पट्टाही सुरुवातीला चांगला ठळक होता.

ता. क. घरातल्या मंडळींसाठी : ती ३९९ रुपयांची 'गो' योजना भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये आली, आणि ४ नोव्हेंबर २०२५ पासून नाव नोंदवणाऱ्यांना ती वर्षभर फुकट मिळू लागली. आत्याच्या फोनवर धाकट्याने तीच घालून दिली आहे. अमेरिकेत जाहिराती दिसू लागल्या त्या योजनांमध्ये 'गो'ही आहे. पहिल्या दिवशी नाव घातलेल्यांचं फुकटचं वर्ष नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतं. आत्याचं कधी संपतं ते धाकट्याने बघून ठेवावं.