तळटीप १४ : सलमान मशीद, बांडुंग
१४. इंडोनेशियातील बांडुंग तंत्रज्ञान संस्थेलगतची ही मशीद १९७२मध्ये खुली झाली. वास्तुकार अहमद नूमान. घुमट नाही, प्रार्थनागृहात मध्ये एकही खांब नाही. सुहार्तो राजवटीने १९७८नंतर विद्यापीठांतले राजकारण आवळले, तसे विद्यार्थी इथल्या अभ्यासवर्गांकडे वळले. याच वर्तुळातून १९८०च्या दशकात ‘बैतुत्तमवील’ निघाली: आपल्याकडच्या पतपेढीसारखीच, पण व्याजाऐवजी नफ्या-तोट्यात वाटा घेणारी. देशातली पहिली इस्लामी बँक, ‘बँक मुआमलात’, १९९२मध्ये सुरू झाली. लेखक तिचे सारे श्रेय मशिदीला देतात, ते जरा जास्तच. उलेमा परिषदेचा पुढाकार आणि (गंमत म्हणजे) खुद्द सुहार्तोंचा पाठिंबा नसता, तर ही बँक उभी राहिली नसती.