अताय : एका किटलीतला इतिहास

आखातात नोकरीला गेलेल्या माणसांमुळे आपल्या घरांत ‘अरबी’ हे विशेषण मानाचे झाले आहे. अरबी खजूर, अरबी अत्तर आणि आता पुदिन्याचा अरबी चहा. अरबी म्हटले की ते फार जुने असणार, आणि जुने म्हणजे जणू दीनचाच भाग असणार, असा एक समज त्याच्यासोबत येतो. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. वर्गात हा समज आम्हांला नेहमी भेटतो. म्हणून या चहाची हकीकत मांडावीशी वाटली.

हा चहा मुळात मगरिबचा, म्हणजे मोरोक्कोचा. तिथे त्याला ‘अताय’ म्हणतात. इजिप्त-हिजाजकडचे अरब ‘शाय’ म्हणतात. आपला चहा आणि उर्दूतली चाय त्याच कुळातली. ‘अताय’ मात्र इंग्रजांच्या ‘टी’चा भाऊबंद. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या ‘ते’ या उच्चारातून हे कूळ जहाजांनी जगभर नेले. मोरोक्कोत चहा युरोपच्या जहाजांतून उतरला, याची खूण त्या नावातच राहिली आहे.

आधी कृती सांगतो. चार माणसांसाठी किटलीत एक मोठा चमचा चिनी हिरवा चहा घ्यावा. याची पाने बारीक गोळ्यांत वळलेली असतात. बंदुकीच्या दारूसारखी दिसतात म्हणून बाजारात त्याला ‘गनपावडर’ म्हणतात. त्यावर पेलाभर उकळते पाणी ओतून, न ढवळता, अर्ध्या मिनिटात ते पेल्यात काढून ठेवावे. हा चहाचा ‘रूह’. पुन्हा थोडे पाणी घालून किटली विसळावी आणि हे पाणी फेकून द्यावे. कडवटपणा त्याच्याबरोबर जातो. मग रूह परत किटलीत, वर अर्धा लिटर उकळते पाणी, आणि दोन-तीन मिनिटे मंद आच. शेवटी चार-पाच चमचे साखर आणि मूठभर ताजा पुदिना देठांसकट. चमचा लावायचा नाही. पेल्यात ओतून परत किटलीत, असे दोन-तीन वेळा करायचे. वाढताना हात उंच धरावा, म्हणजे पेल्यात फेस येतो. आपल्या मंडईतला पुदिना चालतो. तिकडे थंडीत पुदिना कमी झाला की ‘शिबा’ नावाची कडू वनस्पती घालतात.

आता या किटलीत मगरिबच्या मातीतले काय आहे? पुदिना आणि पाणी. बाकी सगळे समुद्रावरून आले.

सुलतान मौले इस्माईल (कारकीर्द १६७२ ते १७२७) यांच्या दरबारात अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांकडून नजराण्यात चहा येऊ लागला. पुढे शे-सव्वाशे वर्षे तो सुलतान, वजीर आणि धनिकांपुरताच राहिला. सामान्यांच्या घरी तो पोहोचला १८५० नंतर. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) इंग्रज व्यापाऱ्यांना बाल्टिककडची गिऱ्हाइके बंद झाली. पडून राहिलेला माल त्यांनी तांजा आणि मोगादोर (आजचे अस्सवीरा) या बंदरांत उतरवला. १८५६ मध्ये ब्रिटन-मोरोक्को तह झाला. आयात मालावरची जकात दहा टक्क्यांवर बांधली गेली आणि व्यापारावरचे सुलतानाचे मक्ते बहुतांशी मोडले. चहा स्वस्त झाला, खेड्यांत आणि वाळवंटातल्या तंबूंत गेला.

हा चहा चीनमधून काढण्यात आपल्याही किनाऱ्याचा हात होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि अफूच्या पैशांतून चहाची खरेदी होई. त्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत मोहंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान व्यापारीही होते. १८४२ च्या नानकिंग तहाने चीनची पाच बंदरे इंग्रजांना उघडी झाली, ती पहिल्या अफू युद्धानंतर. मेहमाननवाजीच्या त्या पेल्यामागे हेही आहे.

साखरेची कथा तर अधिक बोचणारी. सोळाव्या शतकात मोरोक्कोच साखर विकत होता. सूस प्रांतात उसाची शेती आणि घाणे होते, इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या देशात ही साखर जाई. सुलतान अहमद अल-मन्सूर (१५७८ ते १६०३) यांनी मराकेशच्या बदी महालासाठी इटलीहून संगमरवर आणवला, तो साखरेच्या बदल्यात. पुढे तो उद्योग बुडाला. एकोणिसाव्या शतकात त्याच देशात मार्सेच्या कारखान्यांतून शंकूच्या आकाराच्या साखरेच्या ढेपा येऊ लागल्या. १९२९ मध्ये कासाब्लांकात साखर कारखाना उभा राहिला, त्यामागेही मार्सेचीच कंपनी. आज तिथे मंगनीला आणि मयताच्या घरीही साखरेची ढेप नेतात. किटल्यासुद्धा मँचेस्टरहून येत. फेजच्या कारागिरांनी त्या घडणीला आपले नक्षीकाम दिले.

हे सगळे मुकाट्याने घडले नाही. चहा-साखर हलाल की नाही, यावर उलेमांत वाद झाले. साखर शुद्ध करताना जनावरांची हाडे, रक्त वापरतात ही एक शंका. दुसरी हरकत सरळ रोजच्या खर्चाची होती : गरिबाचा पैसा परक्यांच्या पेटीत जातो. १८५९-६० च्या युद्धात स्पेनकडून हार झाली, दोन कोटी दुरोंची खंडणी लादली गेली आणि बंदरांतल्या जकातीचा वाटा वसूल करायला स्पेनचे अधिकारी येऊन बसले. अशा काळात फेजचे सूफी बुजुर्ग मोहंमद बिन अब्दुल कबीर अल-कत्तानी (मृत्यू १९०९) यांच्या सिलसिल्यात मुरीदांना चहा सोडायला सांगितले गेले. अशा हरकतींना केवळ जुनाटपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण १९१२ मध्ये मोरोक्को फ्रान्सच्या ताब्यात गेला, हे लक्षात घेतले की त्यांची काळजी खोटी नव्हती हे पटते.

चहा मात्र टिकला. लोकांनी त्याला ‘बर्राद’ आणि ‘सीनिया’ हे किटली-तबकाचे आपले शब्द दिले, बैठकीत चहा करणाऱ्याला मान दिला, पाहुण्याला तीन-तीन पेले देण्याची रीत घातली. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा अताय त्याची ओळख बनला होता. अब्दुलअहद सब्ती आणि अब्दुर्रहमान लखसासी या मोरोक्कन अभ्यासकांनी या चहावर १९९९ मध्ये अरबीत ग्रंथच लिहिला आहे.

हाच निकष आपण स्वतःला लावून पाहावा. कोकणातल्या आपल्या घरांतले सांदण, मराठवाड्यातली आपली दखनी बोली, यांना ‘अरबी’ नाहीत म्हणून कमी लेखणारी माणसे आपल्यातच आहेत. ज्या चहाला आपण अस्सल अरबी म्हणून मान देतो, त्यात चीनचे पान, मार्सेची साखर आणि मँचेस्टरची किटली आहे. मगरिबच्या माणसांनी तो आपला केला म्हणून तो त्यांचा झाला. तसे सांदणही आपले आहे, आणि ते दस्तरखानावर ठेवायला कोणाच्या सनदेची गरज नाही. मुलांना अताय जरूर करून द्यावा. सोबत ही हकीकतही सांगावी.