लग्नघटिका आणि स्वागत समारंभ

‘लग्नघटिका’ हा शब्द आज निमंत्रणपत्रिकेपुरताच उरला आहे. परंतु घरोघरी घड्याळे नव्हती त्या काळी तो अक्षरशः खरा होता. घंगाळात पाणी भरून त्यावर तळाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. ती भरून बुडाली म्हणजे एक घटका, अर्थात् 24 मिनिटे, झाली. अशा 60 घटकांचा एक अहोरात्र. जोशीबुवा वाट्या मोजीत बसत आणि त्यांचा इशारा होताच अंतरपाट दूर होई.

पुढे 1906 साली ब्रिटिश हिंदुस्थानात प्रमाणवेळ लागू झाली व कालांतराने ती सर्वत्र रूढ झाली. ही वेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची. आपली हिंगोली सत्याहत्तरच्या जवळ. त्यामुळे येथील सूर्य घड्याळाच्या मागे सरासरी 21 मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक घटका, चालतो! मुंबईच्या सूर्योदयाहून आपला सूर्योदय मात्र सुमारे पाव तास आधी. मुहूर्तावर ज्यांचा कटाक्ष आहे त्यांनी हातातील पंचांग कोणत्या गावचे आहे, हे तरी पाहावे.

जुन्या विवाहात काटेकोर असा तो एकच क्षण होता. बाकी सारे सैल असे. सीमांतपूजन, देवक, हळद, विहिणींची पंगत, सुनमुख, झाल, वरात असा तो सोहळा दिवसेंदिवस चाले. वऱ्हाड जानोशावर मुक्कामाला असे. पंगतीस दोन घटका उशीर झाला, तर पाहुणे वडाखाली पान खात गप्पा मारीत. वाट पाहणे हाही त्या मुक्कामाचाच भाग होता.

आता मुक्काम गेला, सैलपणा मात्र राहिला. वैशाखाच्या उन्हात सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमतहून माणसे सकाळी निघतात आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परतू पाहतात. पत्रिकेत मुहूर्त मिनिटासह छापलेला. प्रत्यक्षात वरात मारुतीच्या देवळापाशीच नाचत असते. ती मांडवात पोहोचली, की प्रतिष्ठितांचे सत्कार, टोपी-टॉवेल आणि भाषणे. लेकुरवाळ्या आणि वृद्ध मंडळी ताटकळतात, आणि वधूपित्याने कर्ज काढून शिजविलेले अन्न निवून जाते.

स्वागत समारंभ ही तर अलीकडची भर. व्यासपीठावरील वधूवरांपुढे रांग लावून शुभेच्छा देण्याच्या या प्रकाराचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. पाहुणे 400 आणि प्रत्येकास अर्धा मिनिट धरला, तरी 200 मिनिटे होतात. म्हणजे आठ घटकांहून अधिक! चार-चार जणांचे कुटुंब एकत्र वर आले, तर तेच काम 50 मिनिटांत उरकते. त्यातही रांग व भोजन एकाच वेळी चालू ठेवावे, वर जाण्याची व उतरण्याची वाट निराळी असावी आणि वृद्धांना वर चढविण्याऐवजी वधूवरांनीच खाली येऊन नमस्कार करावा. सप्तपदीसाठीही वेळ राखावा. जेथे सप्तपदीचा विधी आहे, तेथे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने सातव्या पावलालाच विवाह पूर्ण मानला आहे. आणि नेमके तेच पाऊल आज छायाचित्रांच्या गर्दीत घाईने पडते.

हे घडू शकते, याचा दाखला दूरचा नाही. करोनाच्या साथीत, एप्रिल 2021 मध्ये, राज्य शासनाने लग्नास 25 माणसे आणि दोन तासांची मर्यादा घातली. भंग केल्यास 50 हजार रुपये दंड. दोन तास म्हणजे बरोबर पाच घटका. दुःखाचा काळ होता, आप्तांवाचून लग्ने लागली, आणि तशी सक्ती पुन्हा कोणी इच्छिणार नाही. परंतु त्या पाच घटकांत अक्षता, सप्तपदी, भोजन आणि पाठवणी सर्व काही बसत होते. बसले नाहीत ते केवळ सत्कार.

यंदाच्या लग्नसराईत आपल्या समाजातील निदान काही घरांनी पत्रिकेत मुहूर्ताखाली दुसरी ओळ छापावी: भोजनाची वेळ. आणि ती वेळ झाली, की वरात कोठेही असो, पाने मांडावीत.