मुक्ताचा निबंध आणि आपल्या पोरांचे निबंध

मागच्या आठवड्यात एका शाळेत निबंध स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय ‘मोबाइल : शाप की वरदान’. अख्खा गठ्ठा वाचला. सगळ्यांची सुरुवात तीच, शेवट तोच, गाईडमधून उतरवलेला. स्वतःच्या घरातल्या मोबाइलबद्दल एकाही पोरानं लिहिलं नव्हतं.

घरी येताना मुक्ता साळवे आठवली. साल १८५५. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची पोर. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’नं छापला.

पटवून देणं कशाला म्हणतात, ते त्यात बघा. ती समोरच्याचंच म्हणणं हातात घेते. वेद फक्त ब्राह्मणांचे ना? मग आम्हाला धर्मग्रंथच नाही, म्हणजे धर्मही नाही. मग आमचा धर्म कोणता, हे ती थेट देवालाच विचारते! पुरावा देते तोही डोळ्यांदेखतचा : आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं. आणि आपल्याच लोकांना बजावते, शिका.

त्या शाळेनं तिला अक्षरं दिली, आणि तुझं दुःख लिहिण्याजोगं आहे हा भरवसाही दिला.

गुरुजी, मॅडम, एक विनंती आहे. पुढच्या वेळी विषय द्या : ‘आमच्या गल्लीत पाणी रोज का येत नाही? नगराध्यक्षांना पटवून द्या.’

त्या स्पर्धेचे निबंध तपासायला मी फुकट येईन.