लहान मोटारीचे 'ॲव्हरेज' : जाहीर आकडा आणि रत्नागिरीचा रस्ता (१९५१ ते २०२५) – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

मोटार विकत घेताना मध्यमवर्गीय ग्राहक जो पहिला प्रश्न विचारतो, तो इंधनाच्या काटकसरीचा असतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणून उत्पादकाकडून जो आकडा दिला जातो, तो प्रयोगशाळेत सिद्ध झालेला असतो. ग्राहकाला मात्र तो रस्त्यावरचा आकडा वाटतो. प्रस्तुत शोधनिबंधात या आकड्याचा इतिहास तपासला असून, घाट, पाऊस आणि अपूर्ण महामार्ग यांनी घडविलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात त्याची मर्यादा स्पष्ट केली आहे. टाटा नॅनो या मोटारीचा त्यासाठी विशेष परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : लहान मोटार, इंधन कार्यक्षमता, रत्नागिरी, मुंबई-गोवा महामार्ग, नॅनो, ग्राहकहित.

प्रस्तावना

मराठी बोलीत इंधनाच्या काटकसरीसाठी दोन शब्द रूढ आहेत. एक 'मायलेज' आणि दुसरा 'ॲव्हरेज'. दोन्ही शब्द इंग्रजीतून आले असले तरी दोहोंना येथे मिळालेला अर्थ या मातीतला आहे. भारताने १९५६ च्या कायद्यान्वये दशमान पद्धती स्वीकारली आणि पुढील काही वर्षांत मैल व गॅलन व्यवहारातून गेले. परंतु 'मायलेज' या शब्दात मैल अद्याप शिल्लक आहे. 'ॲव्हरेज' हा शब्द तर त्याहून अर्थपूर्ण आहे. सरासरी म्हणजे चढ आणि उतार, मोकळा रस्ता आणि कोंडी, एकटा चालक आणि भरलेली गाडी या सर्वांचा मिळून निघणारा हिशेब. सामान्य माणसाने हा शब्द निवडला, यातच त्याला एका दिवसाचा नव्हे तर वर्षभराचा हिशेब अभिप्रेत असल्याचे दिसून येते. जाहिरातीतील आकडा आणि हा वर्षभराचा हिशेब यांत जे अंतर पडते, तो सदर निबंधाचा विषय होय.

अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. भारतातील लहान मोटारीच्या वाटचालीत इंधन काटकसरीला आलेल्या महत्त्वाचा आढावा घेणे.
२. अधिकृत आकडा कोणत्या पद्धतीने काढला जातो, हे समजून घेणे.
३. रत्नागिरी जिल्ह्याच्या भूगोलाच्या संदर्भात त्या आकड्याची उपयुक्तता तपासणे.

लहान मोटारीची पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा लहान मोटारीशी असलेला संबंध जुना आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९५१ पासून फियाट ५०० ही छोटी मोटार जोडण्यास प्रारंभ केला. त्यानंतर आलेली फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या मोटारींनी मुंबईच्या रस्त्यांना अनेक दशके ओळख दिली. याच काळात इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या कल्पकतेने 'मीरा' या लहान व स्वस्त मोटारीचे नमुने तयार केले. परवाना पद्धतीच्या त्या काळात 'मीरा'चे व्यापारी उत्पादन होऊ शकले नाही; तथापि सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार हा विचार या भागात नॅनोच्या कितीतरी आधी रुजला होता, याची ती साक्ष आहे.

त्या काळी मोटार मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा परिस्थितीत ती किती किलोमीटर चालते, हा प्रश्न दुय्यम ठरत असे. १९७३ च्या तेलसंकटाने हे चित्र बदलले. कच्च्या तेलाचा पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत जवळजवळ १२ डॉलरवर गेला. १९७४ साली मुंबई हाय येथे तेलाचा शोध लागला व १९७६ पासून उत्पादन सुरू झाले, तरी आयातीवरील अवलंबित्व संपले नाही. १९७८ साली पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशनची स्थापना झाली आणि इंधन वाचविणे हे राष्ट्रीय कर्तव्य म्हणून जनतेसमोर मांडले गेले.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली. ७९६ घन सेंटीमीटर क्षमतेच्या तीन सिलिंडरच्या या हलक्या मोटारीमुळे इंधनाची काटकसर हा प्रथमच विक्रीचा मुख्य मुद्दा बनला. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आलेल्या, पुण्याजवळ तयार होणाऱ्या टाटा इंडिकाने डिझेल आणि पेट्रोल यांच्या दरांतील तफावतीचा लाभ लहान मोटारीच्या ग्राहकापर्यंत पोहोचविला. एप्रिल २००२ मध्ये नियंत्रित किमतींची पद्धत संपुष्टात आली, जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, तर जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. सरकारचे संरक्षण जसजसे कमी होत गेले, तसतसा ग्राहक त्या एका आकड्यावर अधिकाधिक विसंबून राहू लागला. मोटार 'कितना देती है' हा हिंदी प्रश्न जाहिरातीचे घोषवाक्य बनून घराघरांत पोहोचला, तो याच पार्श्वभूमीवर.

आकडा कसा सिद्ध होतो

भारतातील वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थांमध्ये १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच 'एआरएआय', ही अग्रगण्य संस्था होय. चाचणीच्या वेळी मोटार रस्त्यावर धावत नाही. तिची चाके रुळांवर फिरतात आणि चालक समोरील पडद्यावरील आलेखाप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंतील कार्बनच्या प्रमाणावरून जळलेल्या इंधनाचा हिशेब केला जातो.

आरंभीच्या भारतीय चाचणीचक्रात १०८ सेकंदांचा एक फेरा सहा वेळा केला जात असे आणि कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर होता. पुढे युरोपीय चक्राच्या धर्तीवर सुधारित चक्र आले. त्याचा कालावधी १,१८० सेकंद म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी असून कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. या चाचणीत चढ नाही, खड्डा नाही, पाऊस नाही आणि वातानुकूलन यंत्रही बंद असते. ही चाचणी खोटी आहे असे म्हणता येणार नाही. सर्व मोटारींना समान परीक्षा देऊन त्यांची तुलना करणे हा तिचा हेतू आहे आणि तो ती पूर्ण करते. दोष निर्माण होतो तो तुलनेसाठी काढलेला आकडा आश्वासन म्हणून वाचला जातो तेव्हा.

नॅनो : एका टाकीचा प्रवास

१० जानेवारी २००८ रोजी नवी दिल्ली येथे टाटा नॅनोचे प्रथम दर्शन झाले आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत तिचे औपचारिक अनावरण झाले. ६२४ घन सेंटीमीटरचे दोन सिलिंडरचे इंजिन, सुमारे ६०० किलो वजन आणि एक लाख रुपयांची कारखाना किंमत यांमुळे जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. दुचाकीवरून पत्नी व मुलांसह भिजत जाणारे कुटुंब हे या मोटारीमागील प्रेरणास्थान असल्याचे रतन टाटा यांनी वेळोवेळी सांगितले होते. एआरएआयने प्रमाणित केलेले तिचे ॲव्हरेज लिटरला २३.६ किलोमीटर होते. त्या काळातील पेट्रोल मोटारींमध्ये हा आकडा उल्लेखनीय होता.

आता हा आकडा रत्नागिरीच्या नकाशावर ठेवून पाहता येतो. आरंभीच्या नॅनोची इंधनटाकी १५ लिटरची होती. २३.६ ने गुणल्यास ३५४ किलोमीटर होतात. मुंबई ते रत्नागिरी हे अंतर सुमारे ३४० किलोमीटर आहे. याचा अर्थ कागदावर हिशेब केल्यास गणेशोत्सवासाठी गावी निघालेला चाकरमानी एका टाकीत घरच्या अंगणात पोहोचतो. उदाहरणादाखल भरलेल्या गाडीचे प्रत्यक्ष ॲव्हरेज १८ धरले, तर तीच टाकी २७० किलोमीटरवर, म्हणजे चिपळूण आणि संगमेश्वर यांच्या दरम्यान कोठेतरी रिकामी होते. पाच-सहा किलोमीटरचा फरक आकड्यात किरकोळ दिसतो. रस्त्यावर मात्र तो घर आणि आडवाट यांच्यातील फरक ठरतो. २०१५ मध्ये आलेल्या 'जेन-एक्स' नॅनोमध्ये टाकीची क्षमता २४ लिटरपर्यंत वाढविण्यात आली, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे. नॅनोचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. तिच्या अपयशाची कारणे अनेक असून त्यांत ॲव्हरेजचा क्रमांक वरचा नाही. परंतु अल्प उत्पन्नाच्या ग्राहकासाठी बनविलेल्या मोटारीत या आकड्याचे महत्त्व सर्वाधिक होते, हे नाकारता येत नाही.

रत्नागिरीचा रस्ता

कोकणचा प्रवास दीर्घकाळ समुद्रमार्गे, आगबोटीने होत असे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली. तरीही वाडीवस्तीपर्यंत पोहोचण्यासाठी रस्ता हेच साधन राहिले. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७ म्हणजे आजचा ६६ हा रायगड ओलांडून कशेडी घाटातून जिल्ह्यात प्रवेश करतो. त्यापुढे भोस्ते, परशुराम, निवळी असे घाट लागतात. कोल्हापूरकडे जाताना आंबा घाट आणि कराडकडे जाताना कुंभार्ली घाट सह्याद्री चढून जातो.

घाटाचा इंधनाशी असलेला संबंध साध्या गणिताने मांडता येतो. ६०० किलोची मोटार आणि चार माणसे व सामान मिळून ३०० किलो असे ९०० किलो वजन ५०० मीटर उंच नेण्यासाठी सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये अंदाजे ३२० लाख ज्यूल ऊर्जा असली, तरी इंजिन तिचा साधारण चौथा हिस्साच चाकांकडे पोहोचविते असे गृहीत धरू. म्हणजे केवळ उंची गाठण्यासाठी अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पेट्रोल खर्ची पडते. जाहीर आकड्यानुसार तेवढ्या पेट्रोलमध्ये सपाटीवर १२-१३ किलोमीटर अंतर कापता आले असते. उतारावर यातील काही भाग परत मिळतो. परंतु वळणावळणाच्या घाटात ब्रेक लावावा लागत असल्याने बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यात पावसाळ्यातील तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, ओले रस्ते, बंद काचांमुळे सुरू ठेवावे लागणारे वातानुकूलन आणि चौपदरीकरणाच्या लांबलेल्या कामामुळे खालच्या गिअरमध्ये कापावे लागणारे अंतर यांची भर पडते.

काटकसरीच्या या ओढीतून एक घातक सवय रुजली. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे, प्रसंगी इंजिन बंद करणे. कार्बुरेटरच्या काळात यामुळे थोडे इंधन वाचतही असे. मात्र इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येई. २००० नंतर प्रदूषण नियमांमुळे लहान मोटारींत इलेक्ट्रॉनिक इंधन पुरवठा सार्वत्रिक झाला. या मोटारीत गिअर टाकलेला असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. तंत्र बदलले, तरी सवय मागील पिढीकडून पुढील पिढीकडे आली. थेंबभर पेट्रोलसाठी जीव धोक्यात घालणारी ही काटकसर आता काटकसरही उरलेली नाही.

अन्यत्र झालेली दुरुस्ती आणि आजचा प्रश्न

प्रयोगशाळा आणि रस्ता यांतील तफावत ही केवळ भारताची समस्या नाही. अमेरिकेत १९८५ च्या मॉडेलपासून प्रयोगशाळेतील आकड्यातून शहरासाठी १० आणि महामार्गासाठी २२ टक्के वजा करूनच तो ग्राहकाला सांगितला जाऊ लागला. २००८ पासून वातानुकूलन, थंड हवामान आणि अधिक वेग यांचाही विचार होऊ लागला. युरोपात ही तफावत २००१ मधील सुमारे ८-९ टक्क्यांवरून २०१५ च्या सुमारास ४० टक्क्यांवर गेल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आणि २०१७ पासून नवी, अधिक कठोर चाचणी लागू झाली. भारतीय सुधारित चक्र ज्या युरोपीय चक्रावर बेतले होते, ते तेथे अशा रीतीने मागे पडले.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ मध्ये बाजारात आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकीची कार्यक्षमता या इंधनावर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते. लिटरला २० किलोमीटर देणारी अशी मोटार वर्षाला १०,००० किलोमीटर चालत असेल, तर तिच्या मालकाला सुमारे ३५ लिटर अधिक पेट्रोल घ्यावे लागेल. इथेनॉलमुळे ऊस व धान्य उत्पादकांना बाजारपेठ मिळते आणि तेलाची आयात घटते, हे खरे आहे. परंतु या राष्ट्रीय लाभाचा एक हिस्सा जुन्या लहान मोटारीच्या मालकाच्या खिशातून जातो, याची नोंद घेणे इतिहासाच्या अभ्यासकाला आवश्यक वाटते.

निष्कर्ष

१. तेलसंकट, मारुतीचे आगमन आणि इंधनदरांची नियंत्रणमुक्ती या टप्प्यांतून ॲव्हरेज हा मोटारखरेदीचा केंद्रबिंदू बनला.
२. अधिकृत आकडा तुलनेसाठी विश्वासार्ह आहे. प्रवासाच्या नियोजनासाठी तो पुरेसा नाही.
३. चाचणीचक्रात चढाला स्थान नसल्याने रत्नागिरीसारख्या डोंगराळ जिल्ह्यातील ग्राहकाला त्याचा उपयोग इतरांपेक्षा कमी होतो.
४. टाकी काठोकाठ भरून, ठरावीक अंतर चालवून पुन्हा त्याच पंपावर भरण्याची जुनी पद्धत सलग काही महिने, पावसाळ्यासह अवलंबिल्यास मिळणारा आकडाच त्या कुटुंबाचे खरे ॲव्हरेज होय.
५. उत्पादकांनी प्रमाणित आकड्यासोबत प्रत्यक्ष वापरातील अपेक्षित मर्यादा सांगणे ग्राहकहिताच्या दृष्टीने आवश्यक आहे.

अल्प बचतीतून पहिली मोटार घेणारे कुटुंब यंत्रासोबत एक आकडाही विकत घेत असते. त्या आकड्यावर त्याचा महिन्याचा हिशेब उभा राहतो. तो आकडा कोठे, कसा आणि कोणत्या रस्त्यावर सिद्ध झाला, हे जाणून घेण्याचा त्या कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे.